आक्रामधील स्वस्त गेस्टहाउस: खोली पाहण्यापासून हिशेब चुकता करण्यापर्यंत

घानाची राजधानी आक्रा येथे कमी खर्चात राहण्याची सोय शोधणारा माणूस बहुधा छायाचित्रे पाहून खोली ठरवतो आणि तिथेच फसतो. छायाचित्रात पडदे दिसतात, गादीवर घडी घालून ठेवलेला टॉवेल दिसतो, भिंतीवरचा टीव्ही दिसतो. पण सकाळी सात वाजता नळाला पाणी असते का, वीज गेल्यावर पंखा चालतो का आणि शेजारच्या बारमधला स्पीकर रात्री किती वाजता बंद होतो, यांपैकी काहीही दिसत नाही. स्वस्त खोलीतला मुक्काम सुखाचा होणार की नाही, हे मात्र याच गोष्टी ठरवतात. ज्यांनी महाराष्ट्रात लोडशेडिंगची वर्षे काढली आहेत आणि पहाटे उठून पिंपे भरली आहेत, त्यांना ही पारख उपजत असते; परदेशात उतरल्यावर ती विसरायची नाही, एवढेच.

निघण्यापूर्वीची तयारी

भारतीय पासपोर्टधारकांनी घानाचा व्हिसा निघण्यापूर्वीच मिळवावा. अर्जासोबत राहण्याच्या जागेचा पुरावा मागितला जातो, म्हणून पहिल्या दोन-तीन रात्रींचे आरक्षण आधी करून ठेवावे. संपूर्ण मुक्कामाचे आरक्षण मात्र करू नये. त्याचे कारण पुढे येईल.

पिवळ्या तापाच्या लसीचे प्रमाणपत्र घानात प्रवेश करताना तर लागतेच, पण परतताना ते अधिक महत्त्वाचे ठरते. हे प्रमाणपत्र नसलेल्या प्रवाशाला भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येते, आणि या बाबतीत आपले आरोग्य अधिकारी तडजोड करीत नाहीत. लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते आणि 2016 पासून ते आयुष्यभरासाठी वैध मानले जाते. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते. तिथे वेळ मिळायला दिवस लागतात, म्हणून प्रवासाच्या महिना-दीड महिना आधीच या कामाला लागावे.

हिवतापाबाबत आपल्याकडे एक घातक बेफिकिरी आहे. ‘मलेरिया आम्हाला नवा नाही’ असे म्हणून लोक प्रतिबंधक गोळ्या टाळतात. घानामध्ये आढळणारा हिवताप बहुतांशी फाल्सिपारम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाऊ शकणारा असतो, आणि तो मुंबईत एकदा होऊन गेला म्हणून आक्रामध्ये संरक्षण मिळत नाही. कोणती गोळी घ्यायची, ती किती दिवस आधी सुरू करायची आणि परतल्यावर किती दिवस चालू ठेवायची, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

सामानात चार वस्तू आवर्जून ठेवाव्यात. घानातील विजेचा दाब आपल्यासारखाच 230 व्होल्टचा आहे, पण तिथल्या नव्या इमारतींत ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी तीन पिनांचे सॉकेट असतात, म्हणून त्याला बसणारा अ‍ॅडाप्टर घ्यावा. दुसरी वस्तू मच्छरदाणी आणि ती बांधायला चार-पाच मीटर सुतळी, कारण गेस्टहाउसमध्ये मच्छरदाणी असली तरी ती फाटकी असू शकते आणि ती टांगायला खिळा असेलच असे नाही. तिसरी वस्तू स्वतःचे लहान मजबूत कुलूप आणि चौथी विजेरी. पॉवर बँक आजकाल सगळ्यांकडे असतेच.

वस्ती कोणती निवडावी

ओसू ही पर्यटकांची आवडती वस्ती. तिथल्या मुख्य रस्त्याला सगळे ऑक्सफर्ड स्ट्रीट म्हणतात, आणि खाणे, सिमकार्ड, औषधे, पैसे बदलणे या सगळ्या गरजा पायी फिरून भागतात. भाडे मात्र इतर ठिकाणांहून जास्त असते आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्री रस्त्यालगतच्या खोलीत झोप मिळत नाही. ओसूमध्येच मुख्य रस्ता सोडून दोन-तीन गल्ल्या आत शिरले की भाडे आणि आवाज दोन्ही कमी होतात. अदाब्राका, असायलम डाउन आणि कोकोमलेमले या शहराच्या मध्यभागातील जुन्या वस्त्या खऱ्या अर्थाने स्वस्त आहेत, आणि तिथून सर्कल नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्वामे न्क्रुमा चौकातून शहराच्या कोणत्याही भागाकडे गाडी मिळते. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी असायलम डाउन किंवा ओसूची आतली गल्ली सुचवेन. खुद्द सर्कलच्या गर्दीत, गाड्यांच्या तळाजवळ राहण्याचा मोह टाळावा. पाकीट आणि मोबाइल सांभाळत रोज त्या गर्दीतून घरी येणे थकवणारे असते.

पावसाळ्यात जाणार असाल तर वस्तीची निवड अधिक गांभीर्याने करावी लागते. आक्राचा मुख्य पावसाळा साधारण एप्रिल ते जुलै असतो आणि जूनमध्ये त्याचा जोर सर्वाधिक असतो. शहराच्या मधून जाणारा ओदाव नाला कचऱ्याने तुंबतो आणि सर्कल, अलाजो, कानेशी, तसेच अदाब्राकाचा सखल भाग पाण्याखाली जातो. 3 जून 2015 च्या रात्री सर्कलजवळ पुराचे पाणी साचलेले असताना पेट्रोल पंपाचा स्फोट झाला आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्यांतले बरेच जण पावसापासून आडोसा म्हणून तिथे थांबले होते. म्हणून मे-जूनमध्ये तळमजल्यावरची खोली घेण्यापूर्वी भिंतीवर पाण्याची जुनी रेघ दिसते का ते पाहावे आणि ‘इथे पाणी शिरते का’ हा प्रश्न मालकाऐवजी समोरच्या टपरीवाल्याला विचारावा.

आवाजाचा हिशेब ऋतूनुसार आणि वारानुसार बदलतो. शुक्रवारी रात्री अनेक चर्चमध्ये रात्रभराची प्रार्थना असते आणि तिचे ध्वनिक्षेपक आपल्या गणेशोत्सवातील मंडपांची आठवण करून देतात. याउलट, आक्राचे मूळ रहिवासी असलेल्या गा लोकांच्या होमोवो सणापूर्वी, साधारण मे-जूनच्या सुमारास, परंपरेनुसार सुमारे महिनाभर ढोल वाजवण्यावर आणि गोंगाटावर बंदी असते. ज्याला शांतता हवी त्याच्यासाठी हा काळ पावसासकट उत्तम. डिसेंबर टाळावा. परदेशस्थ घानावासी आणि आफ्रिकी वंशाचे पाहुणे त्या महिन्यात मोठ्या संख्येने येतात, खोल्या मिळत नाहीत आणि भाडी अवाच्या सवा वाढतात.

आरक्षणापूर्वी विचारायचे प्रश्न

गेस्टहाउसला व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश पाठवावा. घानामध्ये बहुतेक व्यवहार तिथेच चालतो, आणि उत्तर किती नीट येते यावरून चालवणाऱ्या माणसाचीही कल्पना येते. काही स्थानिक शब्द ठाऊक असलेले बरे. ‘सेल्फ-कंटेन्ड’ म्हणजे ज्या खोलीला स्वतःचे न्हाणीघर आणि शौचालय जोडलेले आहे ती खोली. त्यात स्वयंपाकघर असते असा गैरसमज करून घेऊ नये. ‘फॅन रूम’ आणि ‘एसी रूम’ यांच्या भाड्यात बराच फरक असतो. ‘शॉर्ट टाइम’ अशी पाटी किंवा उल्लेख दिसला तर ती जागा तासांच्या हिशेबाने दिली जाते हे समजून घ्यावे. अशी जागा धोकादायक असतेच असे नाही, पण रात्रभर दारे वाजत राहतात, आणि कुटुंबासह किंवा एकट्या स्त्रीने तिथे उतरू नये.

विजेबाबतचा प्रश्न नेमका विचारावा. ‘जनरेटर आहे का’ याला उत्तर नेहमी होकारार्थीच येते. खरा प्रश्न असा की जनरेटर कोणत्या वेळेत चालवतात, आणि त्यावर एसी चालतो की केवळ दिवा व पंखा. घानामध्ये वीज जाण्या-येण्याच्या खेळाला ‘डुमसोर’ म्हणतात. अकान या तिथल्या स्थानिक भाषेत ‘डुम’ म्हणजे विझवणे आणि ‘सो’ म्हणजे पेटवणे. 2012 ते 2016 या काळात हे संकट इतके तीव्र होते की हा शब्द राजकारणात शिरला. आता परिस्थिती तेवढी वाईट नसली तरी शब्द निवृत्त झालेला नाही. शिवाय तिथे प्रीपेड मीटर सर्वत्र आहेत, त्यामुळे शेजारच्या इमारतीत दिवे असताना आपल्याच गेस्टहाउसमध्ये अंधार असेल, तर वीज गेली नसून मीटरमधले पैसे संपले आहेत असे समजावे आणि शांतपणे खाली जाऊन सांगावे.

भाडे सेडी या घानाच्या चलनात ठरवून घ्यावे. डॉलरमध्ये दर सांगण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, पण मग विनिमयाचा दर कोणत्या दिवसाचा धरायचा यावरून वाद होतो. दोन वर्षांपूर्वीच्या कोणा प्रवाशाने सांगितलेल्या भाड्यावर अजिबात विसंबू नये. डिसेंबर 2022 मध्ये तिथला महागाईचा वार्षिक दर 54 टक्क्यांवर गेला होता, आणि त्यानंतर सेडीने खाली-वर असे दोन्ही अंगांनी मोठे हेलकावे घेतले आहेत. शेवटी पत्ता मागताना तीन गोष्टी घ्याव्यात: डिजिटल पत्ता, व्हॉट्सअ‍ॅपवरील नकाशाची खूण आणि जवळची प्रसिद्ध जागा. 2017 पासून घानात प्रत्येक जागेला अक्षरे व आकडे यांचा डिजिटल पत्ता आहे, पण टॅक्सीचालक आजही ‘अमुक चर्चच्या मागे, तमुक पेट्रोल पंपासमोर’ याच भाषेत वाट शोधतात.

विमानतळावरून गेस्टहाउसपर्यंत

मुंबईहून आदिस अबाबा, नैरोबी किंवा दुबईमार्गे आक्रा गाठता येते. शक्यतो दिवसा पोहोचणारे विमान निवडावे; आपण भारताच्या साडेपाच तास मागे आहोत, शरीर थकलेले आहे आणि अशा वेळी रात्री खोलीची तपासणी नीट होत नाही. विमानतळावर फक्त पहिल्या दिवसापुरते पैसे बदलावेत आणि उरलेले शहरातील परवानाधारक विनिमय केंद्रात. शंभराच्या नव्या, न मळलेल्या डॉलर नोटांना चांगला दर मिळतो. लहान किंवा जुन्या नोटांना कमी मिळतो. सेडी हे नाव अकान भाषेतील कवडीच्या शब्दावरून आले आहे. मालदीवच्या कवड्या शतकानुशतके हिंदी महासागरातून व्यापाराने पश्चिम आफ्रिकेत पोहोचत आणि तिथे चलन म्हणून वापरल्या जात. आपल्या ‘कवडीमोल’चे हे दूरचे भावंड म्हणता येईल. एक सावधगिरी: 2007 मध्ये जुन्या दहा हजार सेडींचा एक नवा सेडी झाला, पण वयस्कर विक्रेते कधी कधी जुन्या हिशेबातच किंमत सांगतात. एखाद्या पपईची किंमत हजारांत ऐकू आली तर घाबरू नये.

सिमकार्ड पासपोर्ट दाखवून कंपनीच्या अधिकृत केंद्रातूनच घ्यावे. त्याच्याशी मोबाइल मनी खाते जोडता आले तर फार सोयीचे, कारण फोनवरून पैसे देणे घानामध्ये आपल्या यूपीआयइतकेच अंगवळणी पडले आहे. बोल्ट, उबर आणि यांगो या तिन्ही टॅक्सीसेवा चालतात. चालक फोन करून ‘कुठे जायचे, रोख की कार्ड’ असे विचारतो. रोख म्हटले तरच तो येतो, असा अनुभव ठेवून सुटे पैसे जवळ बाळगावेत. रस्त्यावरची टॅक्सी घेतली तर बसण्यापूर्वी भाडे ठरवावे.

खोलीची तपासणी

गेस्टहाउसमध्ये पोहोचल्यावर पासपोर्टची नोंद करण्यापूर्वी आणि पैसे देण्यापूर्वी खोली पाहायला मागावी. यात कोणाला अपमान वाटत नाही. तिथे ही रीतच आहे. दहा मिनिटे लागतात, पण ती घाईत उरकू नयेत.

पहिल्यांदा न्हाणीघरात जाऊन नळ पूर्ण उघडावा आणि मिनिटभर वाहू द्यावा. आक्रामधील नळाचे पाणी रोज येईलच असे नसते. म्हणून प्रत्येक इमारतीवर काळी मोठी प्लास्टिकची टाकी असते, जिला सगळे पॉलिटँक म्हणतात. टाकी किती खोल्यांना पुरवायची आहे आणि पाणी संपले तर टँकर मागवतात का, हे विचारावे. न्हाणीघरात मोठी बादली आणि मग ठेवलेला दिसला तर नाक मुरडू नये, उलट समाधान मानावे, कारण शॉवर कोरडा पडला तरी अंघोळ होणार आहे याची ती हमी असते. गरम पाण्याची अपेक्षा सोडून द्यावी. त्या दमट हवेत त्याची उणीव भासत नाही. शौचालयाची टाकी एकदा ओढून पाहावी आणि ती पुन्हा भरते का ते ऐकावे.

त्यानंतर दार. बाहेरचे कुलूप चालते हे किल्लीने स्वतः पडताळावे. आतून कडी किंवा बोल्ट आहे का आणि तो चौकटीत घट्ट बसतो का हे पाहावे. खिडकीला लोखंडी गज असणे चांगले, पण गजांमुळे आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा मार्ग फक्त दाराचाच उरतो, म्हणून जिन्याची वाट लक्षात ठेवावी. आता खिडकीच्या जाळीकडे वळावे. अनेक ठिकाणी काचेच्या आडव्या पट्ट्यांच्या खिडक्या असतात आणि त्यामागे डासांची जाळी ताणलेली असते. एका कोपऱ्यात बोटभर फट असली तरी ती जाळी निरुपयोगी. सुतळीबरोबर चिकटपट्टीचे एक बंडल आणले असेल तर पाच मिनिटांत हे काम होते.

पंखा सर्वांत वेगवान खुणेवर लावून पाहावा, एसी असेल तर तो सुरू करून खोली पाहून होईपर्यंत चालू ठेवावा. गादीचे टोक उचलून शिवणीत ढेकणांचे काळे ठिपके शोधावेत. मोबाइल चार्जरला लावून सॉकेट तपासावे. आणि मग एक मिनिट गप्प उभे राहून ऐकावे: जनरेटर या खिडकीखालीच आहे का, भिंतीपलीकडे ‘स्पॉट’ म्हणजे बार आहे का. बहुतेक गेस्टहाउसमध्ये मागच्या बाजूला एक बरी खोली असते, पण ती आपण मागितल्याशिवाय दिली जात नाही.

स्वागतकक्षात घाना टुरिझम अथॉरिटीचा परवाना चौकटीत लावलेला आहे का, यावर नजर टाकावी. सगळे पसंत पडले तरी पहिल्या दिवशी दोनच रात्रींचे पैसे द्यावेत आणि पावती घ्यावी. पसंत न पडल्यास वस्तीतच दुसरी जागा शोधता येते. म्हणूनच संपूर्ण मुक्कामाचे आगाऊ आरक्षण करू नये असे वर म्हटले. आठवडाभर राहायचे असेल तर तिसऱ्या दिवशी दर कमी करण्याबद्दल बोलावे. तोवर तुम्ही ओळखीचे झालेले असता, आणि ओळखीच्या माणसाला सूट मिळणे सोपे जाते.

रोजचे पाणी, जेवण आणि कपडे

नळाचे पाणी पिऊ नये. रस्त्यावर सर्वत्र अर्ध्या लिटरच्या सीलबंद पिशव्या मिळतात, त्यांना ‘प्युअर वॉटर’ म्हणतात. पिशवीचा कोपरा दाताने फोडून पाणी पितात. तीस पिशव्यांचा गठ्ठा घेऊन खोलीत ठेवणे सर्वांत स्वस्त पडते.

स्वस्त गेस्टहाउसमध्ये न्याहारी असलीच तर पाव, अंडे आणि चहा एवढीच असते. बाहेर ‘चॉप बार’ या साध्या खानावळीत जेवण चांगले आणि स्वस्त मिळते. शाकाहारी वाचकांनी ‘मी व्हेजिटेरियन आहे’ एवढेच सांगून थांबू नये, कारण तिथे मासळी हे मांस मानले जात नाही. मटण नको, मासे नकोत, अंडे नको, असे एकेक नाव घेऊन सांगावे. ‘वाचे’ हा भात आणि चवळीसारख्या कडधान्याचा लालसर प्रकार सकाळीच खावा, पण त्यावर घालण्यात येणाऱ्या ‘शितो’ या काळ्या तिखटात सुके मासे आणि झिंगे असतात, आणि ‘वेले’ म्हणजे गुराची शिजवलेली कातडी असते. पाम तेलातील उसळ आणि तळलेली पिकी राजेळी केळी मिळून होणारे ‘रेड रेड’ आपल्या जिभेला लगेच रुचते. त्यात मासळी नाही ना, एवढे विचारून घ्यावे. आले-मिरची लावून तळलेले केळ्याचे तुकडे, म्हणजे ‘केलेवेले’, संध्याकाळी रस्त्यावर मिळतात. भाजलेले केळे आणि शेंगदाणे या जोडीला तिथे ‘कोफी ब्रोकमन’, म्हणजे कफल्लक कोफी, असे नाव आहे. आपल्या प्रवासाचा बेत पाहता ते नाव जवळचे वाटायला हरकत नाही.

कपडे धुवून देणारे कोणीतरी गेस्टहाउसमध्ये असते. दर आधी ठरवावा. अंतर्वस्त्रे मात्र स्वतःच धुवावीत, ती दुसऱ्याकडे देणे तिथे अशिष्ट समजले जाते.

माणसांशी वागताना

पाणी का नाही, टॉवेल कुठे आहे, असे प्रश्न थेट विचारण्यापूर्वी ‘गुड मॉर्निंग’ म्हणून चौकशी करणे घानामध्ये अत्यावश्यक आहे. अभिवादन न करता काम सांगणारा माणूस उर्मट ठरतो आणि त्याचे काम सर्वांत शेवटी होते. पैसे, किल्ली, कागद उजव्या हातानेच द्यावेत-घ्यावेत. ही शिकवण आपल्याला घरचीच आहे. कोणी जेवत असताना तुम्ही जवळून गेलात तर ते ‘यू आर इन्व्हायटेड’ म्हणतात. आपल्या ‘या जेवायला’सारखेच ते आहे, आणि आपल्यासारखेच हसून आभार मानून पुढे जायचे असते. स्वागतकक्षातील मुलगी ‘आय अ‍ॅम कमिंग’ असे म्हणून उठून निघून गेली तर गोंधळू नये. निघताना ‘येतो’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

शहरात फिरायला ‘ट्रोट्रो’ ही सामायिक गाडी सर्वांत स्वस्त. दारात लोंबकळणारा ‘मेट’ ठिकाणाचे नाव ओरडतो आणि भाडेही तोच घेतो; बोट खाली करून हवेत गोल फिरवले की गाडी सर्कलला जाणार असे समजावे. रात्री उशिरा मात्र टॅक्सीच घ्यावी, समुद्रकिनाऱ्यावर अंधारात एकट्याने जाऊ नये आणि मूळ पासपोर्ट खोलीत कुलूपबंद ठेवून त्याची प्रत बाळगावी. तातडीच्या मदतीसाठी 112 हा क्रमांक आहे. पोलिसांसाठी 191, अग्निशमनासाठी 192 आणि रुग्णवाहिकेसाठी 193.

निघताना

खोली सोडण्याची वेळ बहुधा दुपारी बाराची असते आणि परतीचे विमान अनेकदा रात्रीचे, म्हणून सामान ठेवून घेण्याची विनंती आदल्या दिवशी करावी. हिशेबही आदल्या संध्याकाळीच चुकता करावा. सकाळी पैसे घेणारी व्यक्ती जागेवर नसते आणि सुटे तर कधीच नसतात. रोजच्या पावत्या समोर ठेवून बेरीज केली की पाण्याचे किंवा कपड्यांचे पैसे दोनदा लागत नाहीत. झाडलोट करणाऱ्या व्यक्तीला काही द्यायचे असेल तर ते तिच्याच हातात, अर्थात उजव्या हाताने, द्यावे.

घरी आल्यावर हिवतापाच्या गोळ्या ठरलेल्या दिवसापर्यंत चालू ठेवाव्यात. परतल्यानंतर तीन महिन्यांत केव्हाही ताप आला, तर तो पावसाळी किंवा फ्लूचा समजून अंगावर काढू नये. त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण घानाहून आलो आहोत हे पहिल्या वाक्यात सांगावे.